घर एकसंध दिसायला हवंय, पण सुरुवात कुठून करू?

ताई,
आठ महिन्यांपूर्वी आम्ही नव्या घरात राहायला आलो. हॉल, स्वयंपाकघर आणि तीन बेडरूम. घरात पाच माणसं: मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. प्रत्येक वस्तू मी वेळ घालवून, आवडीने निवडली आहे. तरीही हॉलमधून बेडरूममध्ये गेलं की दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. फोनमध्ये सुंदर घरांचे शेकडो फोटो साठवलेत, त्यांनी गोंधळ वाढलाच. जेवणाच्या टेबलावर दप्तर, चार्जर, मुलीची रंगपेटी, सासूबाईंच्या औषधांचा डबा, नवऱ्याचा लॅपटॉप आणि घडी न केलेले कपडे असतात, त्यामुळे रोज आधी टेबल रिकामं करायचं आणि मग जेवायचं. नवरा म्हणतो, सगळ्या भिंती पांढऱ्या-राखाडी करून टाकू, प्रश्नच मिटेल. सासूबाईंना त्यांचं जुनं लाकडी कपाट हॉलमध्येच हवंय आणि ते कशाशीच जुळत नाही. आता पैसे आणि उत्साह दोन्ही जपून वापरायचे आहेत. काय करू?

*

तुमचं पत्र वाचताना मी सोफा आणि भिंतींपाशी थांबलेच नाही. माझं लक्ष टेबलावर गेलं, आणि मला वाटतं तुमचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

त्या टेबलावरच्या पसाऱ्याचा राग येणं साहजिक आहे. पण तो आळसामुळे झालेला नाही. घरात शिरल्यावर हातातलं ओझं ठेवायला पहिली सपाट जागा तीच मिळत असणार. सगळी माणसं तिथेच जमत असणार. आणि बहुधा घरातला सगळ्यात चांगला उजेडही तिथेच असेल. ज्या वस्तूंना स्वतःची जागा नाही, त्या माणसांच्या मागोमाग तिथे येतात. तेव्हा एक आठवडा टेबल आवरू नका असं मी म्हणणार नाही, पण रोज आवरण्याआधी एका वहीत लिहा: काय होतं, कुणाचं होतं, आणि ते कुठल्या कामाच्या मधूनच तिथे आलं. आठवड्यानंतर तुमच्या हातात जी यादी येईल, ती कुठल्याही फोटोपेक्षा उपयोगी ठरेल, कारण ती तुमच्याच घरातल्या माणसांची असेल.

तुम्ही पत्रात सांगितलेल्या वस्तूच घेऊ. दप्तराला दाराजवळ हुक हवा. तो मोठ्यांच्या उंचीवर लावला तर दप्तर पुन्हा टेबलावरच येणार. चार वर्षांच्या मुलासाठी जमिनीपासून साधारण तीन फुटांवर आणि मुलीसाठी चार फुटांच्या आसपास हुक लावा. मुलं वाढली की हुक वर सरकवता येतात. चार्जरची जागा प्लगपाशीच असते, त्यामुळे दाराजवळच्या किंवा हॉलमधल्या एखाद्या प्लगशेजारी छोटी फळी आणि एक ट्रे ठेवला की फोन आणि किल्ल्या दोन्ही तिथे राहतील.

रंगपेटीचं मात्र वेगळं आहे. मुलीच्या खोलीत छान टेबल असलं तरी ती जेवणाच्या टेबलावरच चित्रं काढणार, कारण तुम्ही तिथे आसपास असता. तिला खोलीत पाठवण्याचा प्रयत्न करू नका. टेबलाशेजारी एक खण किंवा चाकांची छोटी ट्रॉली तिच्या नावाने द्या. चित्र काढून झालं की सगळं सामान एका हालचालीत त्यात गेलं पाहिजे. झाकण उघडा, आतला डबा काढा, मग त्यात ठेवा, अशा तीन पायऱ्या असतील तर मोठी माणसंही कंटाळतात. रोज लागणाऱ्या वस्तूंसाठी उघडी टोपली किंवा सरळ ओढायचा खण, आणि क्वचित लागणाऱ्यांसाठी झाकणं आणि वरचे कप्पे, एवढी विभागणी पाळली तरी निम्मा पसारा कमी होईल. रोजचं सामान गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असावं. त्याच्या वर-खाली जे ठेवाल ते वापरलं जाईल, पण परत जागेवर जाणार नाही.

आणि औषधांचा डबा. तो आजच टेबलावरून हलवा. घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि गोळ्या त्याला दिसतील अशा ठिकाणी आहेत, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. सासूबाईंना उभं राहून सहज हात पोचेल, पण मुलाला खुर्चीवर चढूनही उघडता येणार नाही, अशी कुलपाची किंवा पक्क्या कडीची जागा शोधा. उंची साधारण पाच फूट, आणि त्या जागेखाली चढता येईल असं स्टूल किंवा पेटी नको. सासूबाईंना औषधाची आठवण राहावी म्हणून डबा समोर ठेवला असेल, तर आठवणीचं काम मोबाइलच्या गजराला द्या.

आता माणसांच्या येण्या-जाण्याकडे वळू. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. आधी कामाच्या हालचाली बघायच्या, पावलं किती पडतात ते मोजायचं आणि त्यावरून ओटा, खण आणि फळ्यांच्या जागा ठरवायच्या, ही त्यांची रीत. आजच्या मॉड्युलर किचनची मुळं त्या कामात आहेत. पण त्या स्वयंपाकघरावर एक टीकाही झाली, आणि तुमच्यासाठी तीच जास्त कामाची आहे: ते एकट्या बाईने काम करायचं, असं धरून आखलं होतं. दुसरं माणूस आत आलं की अडचण. तुमच्या घरात पाच माणसं आहेत, तेव्हा ओट्यासमोर किती जागा हवी हे ठरवताना दोन माणसं एकमेकांच्या पाठीमागून जाऊ शकतात का ते बघा. एकाला साडेतीन फूट पुरतात, दोघं एकदम काम करत असतील तर चार फूट हवेत. ओट्याची उंचीही छापील मापावर सोडू नका. जे माणूस तिथे सगळ्यात जास्त उभं राहतं, त्याच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा असला की खांदे आणि कंबर दोन्ही सुखी राहतात.

इतर खोल्यांसाठी काही मापं सांगते, ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. मुख्य येण्या-जाण्याच्या वाटेला तीन फूट. सोफा आणि समोरच्या टीपॉयमध्ये सोळा ते अठरा इंच, म्हणजे हात पोचतो आणि गुडघे आपटत नाहीत. जेवणाच्या टेबलाशी प्रत्येक माणसाला दोन फूट रुंदी, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत तीन फूट. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर. कपाटात हँगर अडवे लावायचे असतील तर ते दोन फूट खोल लागतं, पुस्तकांना मात्र दहा-बारा इंच भरपूर. पुस्तकांसाठी दोन फूट खोल कपाट केलं की पुढे एक रांग, मागे एक रांग, आणि मागची रांग कायमची हरवली.

नवीन काही घेण्यापूर्वी त्याचं माप कागदी चिकटपट्टीने जमिनीवर आखा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. माणसं त्या रेषांवर पाय देत चालत असतील, तर ती वस्तू त्या जागी बसणार नाही. कागदावरचा प्लॅन पाहून जे कळत नाही ते यातून लगेच कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. घर एक का वाटत नाही?

तुमच्या वस्तू वाईट आहेत म्हणून तसं होत नाहीये. तुम्ही एकेक वस्तू तिच्यापुरती निवडलीत, आणि सगळीकडे चालणारं असं काही आधी ठरलंच नव्हतं. एका घरातल्या माणसांचे चेहरे सारखे नसतात, पण चेहऱ्याची ठेवण लक्षात येते. खोल्यांचंही तसंच असावं. त्यासाठी पाच गोष्टी एकदाच ठरवा आणि घरभर पाळा: लाकडाची छटा, धातूची छटा, पांढरा, तीन-चार आवडते रंग, आणि दिव्यांचा उजेड.

पांढऱ्याबद्दल ऐकून आश्चर्य वाटेल, पण बहुतेक घरांत तीन-चार पांढरे असतात. छत निळसर पांढरं, खिडकीची चौकट पिवळसर, दार तिसरंच. वेगवेगळे पाहताना काही वाटत नाही, शेजारी आले की एक मळकट दिसायला लागतो. एकच पांढरा निवडा, त्याचा कोड लिहून ठेवा, आणि छत, चौकटी, दारं सगळीकडे तोच वापरा. धातूचंही तसंच: कड्या, नळ, पडद्यांच्या दांड्या, दिव्यांचे स्टँड यांत मुख्य छटा एक, फार तर दुसरी तिच्या सोबतीला.

उजेडाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हॉलमधून बेडरूममध्ये गेल्यावर घर बदलल्यासारखं वाटतं हे वाचून मला पहिला संशय तुमच्या दिव्यांवरच आला. एलईडी बल्बच्या खोक्यावर बहुधा केल्विनमध्ये एक आकडा असतो, तो उजेडाची छटा सांगतो. २७०० म्हणजे उबदार पिवळसर उजेड, ४००० म्हणजे बऱ्यापैकी पांढरा, आणि ६५०० म्हणजे निळसर. हॉलमध्ये २७०० आणि बेडरूममध्ये ६५०० असेल तर तोच पडदा, तीच भिंत, तेच लाकूड दोन वेगळ्या रंगांचं दिसणार. मग तुम्ही कितीही जुळवून आणा. आज संध्याकाळी सगळे दिवे लावा, घराच्या मधोमध उभ्या राहा आणि प्रत्येक खोलीत डोकवा. फरक लगेच दिसेल. बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत २७०० किंवा ३०००, यांपैकी एकच आकडा सगळीकडे ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० चालेल. त्याच खोक्यावर बऱ्याचदा सीआरआय नावाचा दुसरा आकडा असतो, तो ९० किंवा त्याहून जास्त असलेले बल्ब घ्या. रंग किती खरे दिसतात हे त्यावर ठरतं.

छताच्या मधोमध एकच मोठा दिवा लावून भागत नाही. तो सगळ्यांच्या डोक्यावरून उजेड टाकतो आणि वाचणाऱ्याची सावली पुस्तकावर पडते. वाढत्या वयाबरोबर डोळ्यांच्या आत कमी उजेड पोचतो, त्यामुळे जे तुम्हाला पुरेसं वाटतं ते सासूबाईंना अंधूक वाटू शकतं. त्यांच्या बसण्याच्या जागेशेजारी स्वतंत्र दिवा द्या, ज्याचं बटण बसल्या जागेवरून दाबता येईल. बेडरूमपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत मंद रात्रदिवे लावा. घरात सुटे पायपोस आणि छोटे गालिचे असतील तर त्यांच्याखाली न घसरणारी जाळी घाला, किंवा सरळ काढून टाका. आणि बाथरूममध्ये भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी हवीच. तिला शोभेचा प्रश्न लावू नका.

रंगांकडे येते. तुमच्या नवऱ्याचा हेतू मला समजतो, सगळं एका रंगात केलं की निर्णय घ्यायला नकोत. पण सगळं पांढरं-राखाडी करून लाकडाची छटा आणि दिवे तसेच बेमेळ राहिले, तर घर बेमेळच दिसेल, वर उदासही. शिवाय राखाडी हा फसवा रंग आहे. त्यात निळा, हिरवा किंवा जांभळा दडलेला असतो आणि तो भिंतभर लागल्यावरच बाहेर येतो. म्हणून कुठलाही रंग छोट्या कार्डावरून ठरवू नका. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. मोठ्या पृष्ठभागावर रंग कार्डापेक्षा भडक वाटतो, तेव्हा दोन छटांमध्ये अडलात तर फिकी घ्या. मुलाच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण चार फुटांपर्यंत भिंतीला पुसता येणारा रंग द्या.

साठ-तीस-दहाचं गणित तुम्ही कुठेतरी वाचलं असेल: खोलीत साठ टक्के एक रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के उठावाचा. सुरुवातीला आधार म्हणून ठीक आहे, पण घर एकसंध करायला मला वेगळी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. तीन-चार रंग ठरवा आणि त्यांचं प्रमाण खोलीगणिक बदला. हॉलमध्ये जो हिरवा फक्त दोन उशांवर आहे, तो तुमच्या बेडरूमच्या एका भिंतीवर येऊ दे. बेडरूममधला विटकरी रंग हॉलमध्ये एखाद्या खुर्चीच्या कापडात दिसू दे. मग प्रत्येक दारात उभं राहून पलीकडच्या खोलीचा जेवढा तुकडा दिसतो तेवढाच बघा. त्या तुकड्यात आणि तुम्ही उभ्या आहात त्या खोलीत एखादी तरी गोष्ट समान असली की पुरे. मुलांच्या खोलीत त्यांच्या आवडीचा भडक रंग असला तरी हरकत नाही. फक्त दार, चौकट, पडद्याची दांडी आणि उजेड घरासारखाच ठेवा.

सासूबाईंच्या कपाटावर तुमचं दोघींचं एकमत होऊ शकेल असं मला मनापासून वाटतं. ते कशाशीच जुळत नाही असं तुम्ही लिहिलंत, कारण त्या छटेचं लाकूड हॉलमध्ये ते एकटंच असणार. एकटी वस्तू चुकून आल्यासारखी दिसते. तीच छटा आणखी दोन ठिकाणी आली की ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसू लागते. आरशाची चौकट, टेबललॅम्पचा बुंधा, एखादं स्टूल किंवा टीपॉयचे पाय, एवढं पुरतं. तंतोतंत तेच लाकूड लागत नाही. छटा लालसर आहे की पिवळसर, तेवढं जुळवा. कपाटाला एक पूर्ण भिंत द्या, दोन्ही बाजूंना फूटभर तरी जागा मोकळी सोडा, आणि त्याच्या वर काही रचू नका. पॉलिश किंवा कड्या बदलायचा विचार मनात आला तर आधी सासूबाईंना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर नाही. आयुष्यभराच्या घरातून त्यांनी एवढी एकच वस्तू सोबत आणली असेल, तर हॉलमधली एक भिंत हा त्यांचा हक्कच आहे. आणि त्या कपाटाला कामही द्या. औषधांची कुलपाची जागा त्याच्या वरच्या कप्प्यातच निघू शकेल, म्हणजे सासूबाईंच्या वस्तू त्यांच्याच कपाटात राहतील.

फक्त ते कपाट भिंतीला पट्टीने किंवा कोनाने पक्कं जखडा. लहान मुलं उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि जड कपाट पुढे कलंडतं. जड सामान खालच्या कप्प्यांत ठेवा. हेच पुस्तकांच्या रॅकला, खणांच्या कपाटाला आणि स्टँडवरच्या टीव्हीलाही करा.

साठवलेल्या फोटोंचं काय? त्यातले तुम्हाला सगळ्यात आवडणारे दहा निवडा आणि वस्तू विसरून जे पुन्हापुन्हा दिसतं ते लिहा. बहुतेकांना कळतं की आपल्याला तो सोफा आवडलेलाच नव्हता, आवडला होता तो खिडकीतला उजेड आणि मोकळी जमीन. या दोन्ही गोष्टी काही न विकत घेताही मिळू शकतात.

पैसे जपायचे आहेत म्हणून क्रमही सांगते. औषधं आजच, आणि कपाट जखडणं या आठवड्यात. टेबलाची वही सोबत सुरू करा. मग बल्ब. मग असलेलंच सामान चिकटपट्टीच्या रेषा आखून हलवून बघा. त्यानंतर हुक, खण आणि फळ्या, कारण कुठे काय हवं ते वहीतून कळलेलं असेल. भिंतींचे रंग त्यानंतर, आणि नवीन फर्निचर सगळ्यात शेवटी. तोवर कदाचित यादीतल्या निम्म्या वस्तूंची गरजच वाटणार नाही.

राहिला नवऱ्याचा लॅपटॉप. तो जेवणाच्या टेबलावरून हलवायचा तर दार लावता येईल अशी जागा हवी, नाहीतर मुलांचा आवाज आणि त्यांची मीटिंग यांची रोज टक्कर होईल. तुमच्या बेडरूममध्ये चार फूट लांब आणि दोन फूट खोल टेबल बसेल अशी भिंत आहे का ते मोजा. खिडकी बाजूला येईल असं टेबल लावा. समोर आली तर डोळे दिपतात आणि पाठीमागे आली तर स्क्रीनवर चमक येते. तशी भिंत मिळाली नाही तर खोल्यांची मापं आणि खिडक्यांच्या जागा लिहून पुन्हा पत्र पाठवा, आपण पुढच्या वेळी तेवढ्याचाच विचार करू.